वानर, माकड आणि संग्रामपूरची संत्री

बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुका उत्तरेला सातपुड्याला टेकलेला आहे, तर त्याच्या दक्षिणेकडून पूर्णा नदी वाहते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात कपाशी, सोयाबीन, तूर आणि हरभरा होतो. सोनाळा परिसरात संत्र्याच्या बागा आहेत. तालुक्याच्या उत्तर सीमेवर सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे अंबाबरवा अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वाघ आणि बिबट्या यांच्यामुळे त्याचे नाव अधूनमधून वृत्तपत्रांत येते. पायथ्याच्या शेतकऱ्याचा मात्र रोजचा संबंध येतो तो रोही, रानडुक्कर आणि वानर या तिघांशी. पैकी रोही आणि डुक्कर कुंपणाने काही प्रमाणात तरी अडतात. वानराला कुंपण अडवू शकत नाही.

वानरांचा प्रश्न निघाला की शहरातील वाचकाच्या मनात काही ठराविक शंका उभ्या राहतात. वानर आणि माकड यांत फरक काय? माणूस खरोखर माकडापासून झाला का? ही जनावरे गावात का येतात? ती सूड घेतात का? त्यांना पकडून दूर का सोडत नाहीत? या शंका वरवर प्राणिशास्त्राच्या तासाला शोभणाऱ्या वाटतात. पण त्यांची चुकीची उत्तरे धोरणात शिरली की त्याची किंमत संग्रामपूरसारख्या तालुक्यातील शेतकऱ्याला मोजावी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने वन्यप्राण्यांमुळे होणारे पीकनुकसान खरीप २०२६ पासून पंतप्रधान पीकविमा योजनेच्या कक्षेत घेण्याचे जाहीर केल्यामुळे तर ही उत्तरे नेमकी असण्याची गरज अधिकच वाढली आहे.

वानर आणि माकड एकच का?

नाही. बोलीतील 'वांदर' या एका शब्दात दोन्ही येत असले, तरी हे दोन वेगळे प्राणी आहेत. काळ्या तोंडाचे, राखाडी अंगाचे आणि शरीराहून लांब शेपटीचे ते वानर, म्हणजेच हनुमान लंगूर. तांबूस किंवा गुलाबी तोंडाचे, आखूड शेपटीचे आणि अंगाने बुटके ते लाल तोंडाचे माकड. दक्षिणेकडे याच माकडाचा भाऊबंद असलेले, डोक्यावर टोपीसारखे केस असणारे टोपी माकड आढळते. ढोबळमानाने तापी आणि गोदावरी यांच्या उत्तरेला लाल तोंडाचे माकड आणि दक्षिणेला टोपी माकड अशी विभागणी अभ्यासक मानतात. वानर मात्र या रेषेच्या दोन्ही अंगांना आहे.

खरा फरक तोंडाच्या रंगात नसून पोटात आहे. वानराचे जठर अनेक कप्प्यांचे असते. त्यात सूक्ष्मजीवांच्या मदतीने पाला आंबवला जातो, त्यामुळे इतर प्राण्यांना न पचणारी जून पानेही त्याला चालतात. माकडाला अशी सोय नाही. त्याच्या गालांत पिशव्या असतात. दिसेल ते भराभर गालात कोंबायचे आणि सुरक्षित जागी जाऊन खायचे, ही त्याची रीत. म्हणूनच माकड उकिरडा, दुकान, देवळाचा प्रसाद आणि प्रवाशाची पिशवी यांवर सहज जगते. वानर मुळात झाडावर जगणारे आणि पाला खाणारे जनावर आहे. माणसाने सवय लावली तरच ते हातातील पोळी हिसकावण्यापर्यंत पोहोचते.

या दोघांचे परस्परांशीही फारसे जमत नाही. दिल्लीत लाल तोंडाच्या माकडांना पळवण्यासाठी अनेक वर्षे पाळीव वानरे फिरवली जात. वानर हा संरक्षित प्राणी असल्याने २०१२ मध्ये ही प्रथा बंद करावी लागली. त्यानंतर वानराचा आवाज काढणारी माणसे नेमली गेली. २०१४ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार अशा प्रशिक्षित व्यक्तींची संख्या ४० होती. २०२३ च्या जी-२० परिषदेच्या वेळी तर राजधानीत वानरांची चित्रे कापून उभी करण्यात आली. एका प्राण्याचा बंदोबस्त करण्यासाठी ज्या दुसऱ्या प्राण्याला राबवले गेले, त्या दोघांना सरकारी कागदावर एकाच नावाखाली घालणे किती गैरसोयीचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

माणूस माकडापासून झाला का?

हा प्रश्न महाराष्ट्राच्या भूमीवरच एकदा राष्ट्रीय वादाचा विषय झाला होता. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे विधान केले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून तो फेटाळला.

वास्तविक आजच्या माकडापासून माणूस झाला, असे उत्क्रांतीशास्त्र म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे सामाईक पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होते, असे जीवाश्म आणि जनुके यांच्या अभ्यासातून दिसते. वानर आणि माकड यांची शाखा माणसाच्या शाखेपासून त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. म्हणजे संग्रामपूरच्या शिवारातील वानर हा माणसाचा पणजोबा नव्हे. फार तर दूरचा चुलतभाऊ. बिनशेपटीच्या कपींपैकी भारतात केवळ गिबन आढळतो, आणि तोही ईशान्येच्या जंगलात.

या नात्याचे व्यवहारातील महत्त्व वेगळेच आहे. वानर शिकते, लक्षात ठेवते आणि आपल्या पिलांना शिकवते. बुजगावणे हलत नाही, फटाका इजा करत नाही आणि राखणदार दुपारी जेवायला जातो, हे कळपाला काही दिवसांतच उमगते. म्हणून वानर पळवण्याचा प्रत्येक उपाय आरंभी गुणकारी वाटतो आणि पुढे निष्प्रभ ठरतो. त्यातून उपाय अधिकाधिक उग्र होत जातात. प्राणी हुसकावण्यासाठी वापरली जाणारी कार्बाइडची बंदूक २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात फटाका म्हणून विकली गेली आणि अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या, हे त्याचेच एक दुष्टचिन्ह होय.

वानर शेतात का येते?

'जंगल कमी झाले म्हणून' हे उत्तर सर्रास दिले जाते. ते अर्धे खरे आहे. वानर हा घनदाट अरण्यातच राहणारा प्राणी कधीच नव्हता. गावकुसावरचे वड, पिंपळ, उंबर, चिंच आणि देवळाचे शिखर यांवर त्याचे कळप पिढ्यानुपिढ्या राहत आले आहेत. अंबाबरव्याला आज अभयारण्याचे संरक्षण आहे, तरीही पायथ्याच्या शेतात वानर येतेच. याचे कारण ऋतुचक्रात शोधावे लागते.

सातपुड्याच्या या भागातील सागाचे जंगल पानगळीचे आहे. माघ-फाल्गुनापासून पाने गळू लागतात, ओढे आटतात आणि डोंगरावरील अन्न-पाणी दोन्ही तुटपुंजे होते. त्याच सुमारास पायथ्याशी हरभऱ्याचे घाटे भरलेले असतात. संत्र्याच्या मृग बहाराची फळेही साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतात. डोंगर उघडा आणि शिवार हिरवे, अशी ही स्थिती दरवर्षी येते. दिवसभर पाला ओरबाडून जेवढे पोषण मिळते, तेवढे घाट्यांच्या किंवा फळांच्या शेतात अल्पावधीत मिळत असेल, तर कोणतेही जनावर शेतच निवडेल. विहिरी आणि ठिबक यांमुळे पायथ्याशी बागायत वाढली तसे हे आकर्षणही वाढले.

यात भर पडते ती माणसाच्या दानधर्माची. मारुतीच्या नात्याने वानराविषयी ग्रामीण महाराष्ट्रात अपार श्रद्धा आहे. वानर दगावले तर वाजतगाजत अंत्ययात्रा काढणारी गावे आहेत. धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावी तर ३२ एकर जमीन वानरांच्या नावे नोंदलेली असल्याचे २०२२ मध्ये उजेडात आले. ही श्रद्धा हेटाळण्याजोगी मुळीच नाही. वानर आजवर टिकले ते बऱ्याच अंशी तिच्यामुळेच. परंतु रस्त्याकडेला गाडी थांबवून केळी, फुटाणे आणि बिस्किटे टाकणारा पर्यटक पुण्याचा धनी होतो आणि त्याने लावलेल्या सवयीचा भुर्दंड शेजारच्या शेतकऱ्यावर पडतो. माणसाला न भिणारे वानर सर्वप्रथम शिरते ते जवळच्या बागेत आणि घरात. हा भुर्दंड शहरातील वाचकाला सहसा दिसत नाही, कारण तोवर त्याची गाडी पुढे गेलेली असते.

वानर सूड घेते का?

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातील लवूळ हे गाव जगभरच्या बातम्यांत झळकले. कुत्र्यांनी वानराचे पिलू मारले म्हणून वानरांनी सूडाने अडीचशे कुत्री मारली, अशी ती बातमी होती. वनखात्याच्या नागपूरच्या पथकाने अखेर दोन वानरे पकडली. अडीचशे हा आकडा मात्र कधीच सिद्ध झाला नाही. स्थानिकांच्या सांगण्यातून एवढे निश्चित दिसले, की वानरे कुत्र्याची पिले उचलून उंच झाडावर किंवा छपरावर नेत होती आणि तेथे ती पिले उपासमारीने किंवा पडून मरत होती.

वानरांमध्ये एकीचे पिलू दुसरीने सांभाळणे नित्याचे आहे. दुसऱ्या प्राण्याची पिले उचलून नेण्याचे प्रकारही क्वचित दिसतात. पिलाला दूध लागते हे वानराला कळण्याचा संभव नाही. पण 'सूड' हा शब्द आला की गोष्ट चविष्ट होते आणि गावात भीतीचे वातावरण पसरते. पळता पळता पडून होणाऱ्या इजा, दगडफेक आणि मग चिडलेल्या हुप्प्याची झडप, असा क्रम त्यातून सुरू होतो.

आजारांबाबतही अशीच गल्लत होते. माकडताप या नावामुळे वानर दिसले की ताप येईल, असा समज पसरतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर येथे ओळखला गेलेला हा रोग गोचिडीमार्फत पसरतो. महाराष्ट्रात २०१६ पासून त्याचा उपद्रव झाला तो सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात. सातपुड्याशी त्याचा संबंध नाही. मात्र वानर किंवा माकड चावले अथवा त्याने ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रेबीजची लस घेणे अत्यावश्यक आहे. त्यात हयगय नको.

हुप्प्याला पकडून दूर सोडले तर?

गावागावांतून वनखात्याकडे येणारी ही सर्वांत मोठी मागणी. वानरांचा कळप बहुधा एका नराचा, अनेक माद्यांचा आणि त्यांच्या पिलांचा असतो. या नरालाच हुप्प्या म्हणतात. कळपाबाहेरच्या नरांच्या टोळ्या संधीची वाट पाहत फिरत असतात. हुप्प्या हरला, मेला किंवा पकडला गेला, की दुसरा नर कळप ताब्यात घेतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानी अभ्यासक युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ केलेल्या निरीक्षणांत असा नवा नर कळपातील तान्ही पिले मारतो, असे आढळले. पुढे अमेरिकी मानवशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर याचा सविस्तर अभ्यास करून १९७७ मध्ये ग्रंथ लिहिला. पिलू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची वीण सुरू होते, असे त्यांचे विवेचन आहे. गर्भकाळ सुमारे दोनशे दिवसांचा असतो. म्हणजे हुप्प्या पकडल्याने कळप हलत नाही. त्यात काही काळ अधिक अस्थिरता माजते आणि पुढच्या हंगामात पिलांची संख्या पूर्वपदावर येऊ लागते.

संपूर्ण कळप उचलून दूर नेला तरी मोकळी झालेली जागा शेजारचा कळप भरून काढतो. शिवाय सोडलेली जनावरे ज्या गावाजवळ सोडली जातात, तेथे नवा उपद्रव सुरू होतो. दिल्लीत २००७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वीस हजारांहून अधिक माकडे असोला भट्टी अभयारण्यात हलवली गेली, तरी शहरातील त्रास संपला नाही.

नसबंदीचा अनुभव संमिश्र आहे. हिमाचल प्रदेशाने २००६-०७ पासून लाल तोंडाच्या माकडांची नसबंदी हाती घेतली आणि दीड लाखांहून अधिक माकडांवर शस्त्रक्रिया केल्या. सरकारी गणनेनुसार तेथील माकडांची संख्या २००४ मधील ३ लाख १७ हजारांवरून २०२० पर्यंत १ लाख ३६ हजारांवर आली. तरीही शेतकऱ्यांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. संख्या घटली तरी उरलेल्यांची शेतात येण्याची सवय तशीच राहिली. त्यातच हे सारे प्रयोग माकडांवरचे आहेत. झाडाच्या शेंड्यावर राहणाऱ्या आणि पिंजऱ्यातील आमिषाला सहज न भुलणाऱ्या वानराला तोच नमुना जसाच्या तसा लागू होईल, असे गृहीत धरता येत नाही.

कायदा आणि भरपाई

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिने लाल तोंडाच्या माकडाला संरक्षित प्राण्यांच्या परिशिष्टांतून वगळले. टोपी माकडाचे स्थान उलट उंचावून पहिल्या परिशिष्टात गेले. ते खाली आणावे, अशी मागणी केरळने केंद्राकडे केली. वानराचे संरक्षण कायम आहे. थोडक्यात, सामान्य माणूस ज्यांना सरसकट 'माकड' म्हणतो त्या तीन प्राण्यांना आज कायद्याने तीन निरनिराळ्या जागा दिल्या आहेत. मारुतीच्या देवळावर बसलेले काळ्या तोंडाचे जनावर मारणे हा गुन्हा आहे आणि त्याला पकडण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. या फरकाची माहिती गावपातळीवर कितपत पोहोचली आहे, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

महाराष्ट्रात वन्यप्राण्यांमुळे झालेल्या पीकनुकसानीसाठी वनखात्यातर्फे अर्थसाहाय्य मिळते. त्या यादीत रानडुक्कर, हरीण, रोही यांच्यासह माकडाचाही उल्लेख आहे. अडचण येते ती नुकसानीच्या स्वरूपाची. रानडुकराने उलथवलेले शेत डोळ्यांना दिसते. हत्तीने मोडलेले झाड मोजता येते. वानरांचा कळप बागेतून गेला की झाड उभे असते, फांद्याही बऱ्याचशा शाबूत असतात. खाली अर्धवट चावलेली कच्ची फळे पडलेली असतात आणि हे नुकसान रोज थोडे थोडे होत असते. कोणत्या दिवसाचा पंचनामा करायचा, हाच प्रश्न पडतो. रोजच्या शे-पन्नास फळांसाठी अर्ज, फोटो, सातबारा आणि कार्यालयाच्या खेपा करण्यापेक्षा शेतकरी गप्प बसणे पसंत करतो. राखणीत जाणारे मजुरीचे दिवस आणि शाळा बुडवून शेतात बसणारी मुले यांचा तर कोणत्याच पंचनाम्यात रकाना नाही.

खरीप २०२६ पासूनच्या विमा तरतुदीचे महत्त्व येथे आहे. वन्यप्राण्यांचा उपद्रव हा स्थानिक आपत्तीच्या जोखमीत अतिरिक्त संरक्षण म्हणून समाविष्ट करण्यात आला आहे. नुकसानीची सूचना शेतकऱ्याने ७२ तासांत स्थानदर्शक छायाचित्रांसह ॲपवर द्यायची आहे. कोणते प्राणी आणि कोणते उपद्रवग्रस्त जिल्हे वा विमा घटक त्यात येतील, हे पूर्वीच्या आकडेवारीच्या आधारे राज्यांनी अधिसूचित करायचे आहे. नेमकी गोम याच 'पूर्वीच्या आकडेवारीत' आहे. ज्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षे अर्जच केला नाही, त्याचे नुकसान आकडेवारीत नाही. जे नुकसान आकडेवारीत नाही, ते गाव उपद्रवग्रस्त ठरण्याची शक्यता कमी. अंबाबरव्याच्या पायथ्याशी असलेल्या गावांना हा धोका उघड आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. राज्याच्या अधिसूचनेत वानर आणि माकड यांची नावे स्वतंत्रपणे आली पाहिजेत, म्हणजे एकाचा उपद्रव दुसऱ्याच्या नावाखाली बाद होणार नाही. थोड्या-थोड्या पण दीर्घकाळ चालणाऱ्या फळनुकसानीसाठी एका दिवसाऐवजी संपूर्ण बहाराचा पंचनामा करण्याची पद्धत वनखाते, महसूल आणि कृषी या तिन्ही यंत्रणांनी मिळून ठरवली पाहिजे. रस्त्यावर आणि पर्यटनस्थळी खाऊ घालण्यावरील बंदी फलकापुरती न राहता प्रत्यक्षात यायला हवी. जंगलाच्या बाजूला पाणवठे आणि उंबर-वडासारखी फळझाडे वाढवली, तर उन्हाळ्यातील ताण काहीसा हलका होईल. मात्र त्याचे फळ मिळायला एक पिढी लागेल, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कळपात पहिला शिरकाव होताच सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी हाकारे घालणे हा जुना उपाय आजही बुजगावण्यापेक्षा परिणामकारक आहे. त्यासाठी सामूहिक राखणीला रोजगार हमीसारख्या योजनेतून मजुरी देता येईल का, याचा विचार शासनाने करावा.

वानराविषयीची श्रद्धा आणि शेतकऱ्याचे उत्पन्न यांत आजवर संघर्ष टळला, तो शेतकऱ्याने नुकसान मुकाट्याने सोसल्यामुळे. संत्र्याच्या एका बहारावर वर्षाचे कर्ज फेडायचे असते, तेव्हा ही सोशिकता फार काळ टिकणार नाही. विषप्रयोग आणि विजेचा प्रवाह सोडलेल्या तारा हे मार्ग हताश माणसाला सुचतात, आणि त्यांत वानराइतकाच माणूसही बळी पडतो. तेथवर वेळ येऊ द्यायची नसेल, तर खरीप २०२६ साठी राज्य कोणत्या प्राण्यांची आणि कोणत्या गावांची नावे अधिसूचित करते, याकडे संग्रामपूरच्या शेतकऱ्याने, लोकप्रतिनिधींनी आणि वनखात्यानेही बारकाईने पाहिले पाहिजे.